छोट्या मॅन्युअल टेली लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ७५ ते १०५ मिमीच्या, हाताने फोकस करायच्या आणि मुठीत मावणाऱ्या लेन्सबद्दल आहे. कुणी त्या लायकासारख्या रेंजफाइंडरवर (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर) लावतं, कुणी सोनी, निकॉन, फुजीच्या मिररलेसवर (सेन्सरचंच चित्र दाखवणाऱ्या, आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर). माझं मत आधीच सांगून टाकतो: या वर्गात एफ/२.८ किंवा एफ/४ची (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) हलकी लेन्स ही तडजोड नाही, बहुतेकांसाठी तीच योग्य निवड आहे. खालची बरीच उत्तरं या मताला धरून आहेत. कारणं वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्याकडे ५० मिमी आहे. दोन पावलं पुढे गेलो की झालं, वेगळी लेन्स कशाला?

दोन पावलं पुढे गेलात की चेहरा मोठा येतो, पण तो बदलतोही. नुसत्या चेहऱ्याने फ्रेम भरायची तर ५० मिमी घेऊन साधारण पाऊण मीटरवर जावं लागतं. तिथून नाकाचा शेंडा कॅमेऱ्याला कानापेक्षा बराच जवळ असतो, त्यामुळे नाक फुगतं, कान मागे जातात आणि कपाळ उतरतं दिसतं. तीच चौकट ९० मिमीने घ्यायला सव्वा-दीड मीटर लांब थांबता येतं. तिथून नाक-कानाच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि माणूस आपल्याला समोर बसल्यावर दिसतो तसा दिसतो.

म्हणजे इथे काम लेन्स करत नाही, अंतर करतं. लेन्स फक्त त्या अंतरावर उभं राहायची सोय करून देते. शिवाय पाऊण मीटरवरून लेन्स रोखली की समोरचा माणूस आखडतो, दीड मीटरवरून तो बोलत राहतो.

ऑटोफोकस असताना हाताने फोकस करायच्या भानगडीत का पडायचं?

धावणारी मुलं, कबड्डी, पक्षी हे तुमचं मुख्य काम असेल तर पडूच नका. पण बसलेली माणसं, बाजार, रस्ता, डोंगराच्या रांगा यांसाठी हाताचा फोकस पुरेसा वेगवान असतो. मोटर नसल्यामुळे लेन्स बारीक राहते. अंतराची पट्टी लेन्सवरच कोरलेली असते, त्यामुळे फोकस एका जागी ठेवून विषय तिथे येण्याची वाट पाहता येते. आणि जड, मऊ फिरणारी फोकस रिंग हातात असली की फोटो काढायची गती आपोआप उतरते. मला ते फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे: वजनातला फायदा वाटतो तितका प्रचंड नाही. सोनीची स्वतःची ८५ मिमी एफ/१.८ ऑटोफोकस लेन्स ३७१ ग्रॅमची आहे. अडीचशे ग्रॅमची मॅन्युअल लेन्स अधिक धातूचा अडॅप्टर (एका जोडणीची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारी रिंग) धरला तर फरक पन्नासेक ग्रॅमवरही येऊ शकतो. जाडीतला फरक मात्र पिशवीत जाणवतो.

एफ/४ने पोर्ट्रेट होतं का? मागचं धूसर होईल?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडे पाहा. फुल-फ्रेमचा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) नेहमीचा ०.०३ मिमीचा निकष (एवढा ठिपका डोळ्याला स्पष्टच वाटतो) धरला, तर ९० मिमी लेन्सला दोन मीटरवर एफ/४ ठेवून मिळणारी डेप्थ, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, सुमारे १२ सेंटिमीटर. एफ/२.८ला ती ८ सेंटिमीटर, एफ/२ला ६. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर मोठ्या माणसात या ८ ते १२ सेंटिमीटरच्या टप्प्यातच येतं. म्हणजे एफ/४ला चेहरा पूर्ण स्पष्ट मिळतो आणि पाच-सहा मीटर मागची भिंत तरीही विरघळते. एफ/२ला एक डोळा स्पष्ट, दुसरा जरा मऊ. तो परिणाम हवा असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी दुप्पट वजन वाहावं लागतं: लायकाची ९० मिमी एफ/२ एपीओ-सुमिक्रॉन अस्फेरिकल अर्ध्या किलोच्या घरात जाते.

अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेलं हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं पोर्ट्रेट निकॉनच्या १०५ मिमी एफ/२.५ निक्कोर लेन्सवर काढलेलं आहे. आज ज्याला 'फास्ट' (मोठ्या छिद्राची) म्हणतात तशी ती लेन्स नाही. त्या फोटोत प्रकाश आणि नजर काम करते.

धूसरपणा हवाच असेल तर छिद्र मोठं करण्याआधी माणसाला भिंतीपासून दूर आणा. भिंतीला टेकलेला माणूस आणि भिंतीपासून चार मीटर पुढे उभा केलेला माणूस, दोन्ही एफ/४ला काढून शेजारी शेजारी ठेवा. फरक लगेच कळेल.

रेंजफाइंडरवर ९० मिमीचा फोकस अचूक लागतो का?

लागतो, पण कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा मधल्या उजळ चौकोनात एकावर एक बसवायच्या असतात. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन, यावर अचूकता ठरते; गुणाकार मोठा तितका फोकस अचूक. १९५४च्या लायका एम३मध्ये हा गुणाकार सुमारे ६२ मिमी येतो. ०.७२ वर्धनाच्या एम६सारख्या कॅमेऱ्यात तो ४९-५० मिमी आहे. १९७३च्या छोट्या लायका सीएलमध्ये फक्त १८.९ मिमी.

आता सीएलसोबत कोणती टेली लेन्स दिली होती? ९० मिमी एफ/४ची एल्मार-सी, आणि तिचंच मिनोल्टाचं रूप म्हणजे एम-रोक्कोर. एवढ्या तोकड्या रेंजफाइंडरला एफ/४ची डेप्थ झेपते, एफ/२ची झेपत नाही. लेन्स बारीक ठेवायची आणि फोकसही चुकू द्यायचा नाही, अशी दोन्ही कामं त्या एका आकड्याने साधली. हे गणित आजही बदललेलं नाही. लायकाच्या एम बॉडीवर ९० एफ/२.८ निर्धास्त वापरता येते. ९० एफ/२ला रेंजफाइंडरचं कॅलिब्रेशन नेमकं हवं आणि हातही सरावलेला हवा.

व्ह्यूफाइंडरवर बसणारं १.२५ किंवा १.४ पटीचं मॅग्निफायर मिळतं. चष्मा असणाऱ्यांनी ते आधी डोळ्याला लावून पाहावं, मगच विकत घ्यावं.

७५ घ्यावी की ९०?

रेंजफाइंडरवर: एम३मध्ये ५०, ९० आणि १३५च्या फ्रेमलाइन (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी) होत्या. ७५ची फ्रेमलाइन लायकात आली ती एम४-पीपासून, म्हणजे १९८०च्या सुमारास. त्याआधीच्या बॉडीवर ७५ लावलीत तर चौकट अंदाजाने ठरवावी लागेल. नंतरच्या बॉडीवर ७५ची चौकट ५०च्या चौकटीसोबतच दिसते आणि तिचे फक्त कोपरे दिसतात, त्यामुळे काहींचा गोंधळ होतो. ०.७२च्या फाइंडरमध्ये ९०ची चौकट लहान वाटते, पण स्वच्छ दिसते. आणि लक्षात ठेवा, लांबच्या विषयाला फ्रेमलाइनमध्ये दिसतं त्याहून जास्त भाग फोटोत येतो. दूरचा डोंगर घेताना चौकट थोडी घट्ट धरली तरी चालतं.

मिररलेसवर या भानगडी नाहीत. तिथे सरळ आवडीचा प्रश्न आहे. घरात, लहान खोल्यांत ७५ सोयीची, कारण मागे सरकायला जागा नसते. बाहेर मला ९० जास्त आवडते.

नवी घ्यायची झाली तर कोणती?

फॉइग्टलँडर नावाने लेन्स बनवणाऱ्या जपानच्या कोसिना कंपनीने या वर्गावर सर्वाधिक प्रेम केलं आहे. त्यांची ९० मिमी एफ/२.८ एपीओ-स्कोपार एम माउंटमध्ये (लायका एम कॅमेऱ्यांच्या जोडणीत) आहे, वजन सुमारे २५० ग्रॅम, फिल्टरचे आटे ३९ मिमी. रंगांच्या कडा जवळजवळ दिसत नाहीत, पूर्ण उघडी असतानाच शार्प आहे. माझी पहिली शिफारस हीच. थोडा जास्त प्रकाश हवा असेल तर ७५ मिमी एफ/१.९ अल्ट्रॉन पाहा. ती अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाते, मिररलेसवाल्यांना त्याचा फार उपयोग होतो. ७५ मिमी एफ/१.५ नॉक्टन सुंदर आहे, पण साडेतीनशे ग्रॅमची आणि ५८ मिमी फिल्टरची, त्यामुळे 'छोटी' म्हणताना मी जरा थांबतो.

झाइसची ८५ मिमी एफ/४ टेले-टेसार कमी बोलली जाते आणि तिच्यावर अन्याय होतो. ३१० ग्रॅम, ४३ मिमी फिल्टर, कॉन्ट्रास्ट खणखणीत. एफ/४ पाहूनच लोक पुढे सरकतात.

जुन्या लायका लेन्समध्ये काय बघावं?

बारीक आकाराची टेले-एल्मारिट ९० मिमी एफ/२.८ ही कॅनडातल्या मिडलँडची, १९७४ ते १९८९ या काळातली. सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि मुठीत अगदी नाहीशी होते. पण तिच्या मागच्या काचेवर आतून धुरकट थर धरतो, आणि कधी कधी तो काचेचं कोटिंगच खाऊन टाकतो. मग साफ करूनही उपयोग होत नाही. टॉर्चने तपासल्याशिवाय ही लेन्स घेऊ नका, विकणारा कितीही खात्री देत असला तरी.

वर सांगितलेली एल्मार-सी किंवा एम-रोक्कोर तिच्यापेक्षा स्वस्तात मिळतात आणि मला त्या जास्त निर्धोक वाटतात. २००३ची ९० मिमी एफ/४ मॅक्रो-एल्मार आत ढकलून मिटवता येते, प्रवासाला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही, पण किंमत लायकाची.

स्क्रू माउंटच्या लेन्स एम कॅमेऱ्यावर बसतात का?

हो. एम३९ स्क्रू माउंट आणि एम माउंट यांच्यात फक्त १ मिमीचा फरक आहे, तो एका चपट्या रिंगने भरून निघतो. रिंग घेताना ती कोणत्या चौकटी आणते ते विचारा: ९०साठी २८-९०ची रिंग, ७५साठी ५०-७५ची. फॉइग्टलँडरची १९९९ची ७५ मिमी एफ/२.५ कलर-हेलियार अशीच स्क्रू माउंटची आहे आणि सेकंडहँड बाजारात अजूनही चांगला सौदा आहे. कॅनन रेंजफाइंडरची १०० मिमी एफ/३.५ही हलकी, पण १००ची चौकट लायकात नाही, ९०मध्ये भागवावं लागतं.

रशियन ज्युपिटर-९ स्वस्त मिळतेय. घेऊ?

मिररलेससाठी घ्या, लायका रेंजफाइंडरसाठी नको.

ज्युपिटर-९ म्हणजे युद्धाआधीच्या झाइस सोनार ८५ मिमी एफ/२चीच सोव्हिएत वंशज. सोनारची रचना लुडविग बर्टेलेची. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं सामान आणि यंत्रं सोव्हिएत संघात गेली आणि तिथे या लेन्स बनू लागल्या. अडचण अशी की सोव्हिएत स्क्रू माउंटच्या लेन्स झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या प्रमाणाने जुळवलेल्या असतात, लायकाच्या नाही. वाइड लेन्सला तो फरक डेप्थमध्ये झाकला जातो. ८५ एफ/२ला दीड मीटरवर जेमतेम ४ सेंटिमीटर डेप्थ असते, तिथे काहीच झाकलं जात नाही. रेंजफाइंडर म्हणतो डोळा फोकसमध्ये आहे आणि फोटोत फोकस दुसरीकडेच गेलेला असतो. मिररलेसवर तुम्ही थेट सेन्सरचं चित्र बघता, म्हणून तिथे हा दोष उरतच नाही.

सोनार जातीच्या लेन्सचा विषय निघालाच आहे तर जपानची एक गोष्ट सांगायला हवी. १९५० साली टोकियोत जुन मिकी या छायाचित्रकाराने अमेरिकी 'लाइफ' मासिकाच्या छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनचा एक फोटो ८५ मिमी एफ/२ निक्कोरने काढला. ही निक्कोरही सोनारच्याच वळणाची. प्रिंट पाहून डंकन चकित झाला आणि लेन्स बनवणाऱ्या निप्पॉन कोगाकूच्या (आजच्या निकॉनच्या) कारखान्यात जाऊन पोहोचला. त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि तो निक्कोर लेन्स घेऊन तिकडे गेला. जपानी लेन्सकडे पाश्चात्त्य जगाचं लक्ष वळलं त्यात त्या युद्धातल्या फोटोंचा मोठा वाटा आहे. सुरुवात एका शॉर्ट टेलीने झाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

बजेट कमी आहे. एसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) जुन्या लेन्स चालतील?

उत्तम चालतील. मिररलेसवर पहिली टेली म्हणून मी याच सुचवतो. ऑलिम्पस ओएम झुइको १०० मिमी एफ/२.८ (सुमारे २३० ग्रॅम, ४९ मिमी फिल्टर), पेंटॅक्स-एम १०० मिमी एफ/२.८, निकॉन सीरिज ई १०० मिमी एफ/२.८ या तिन्ही हलक्या आणि शार्प आहेत. ओएमची ८५ मिमी एफ/२ही बारीक आहे, फक्त महाग झाली आहे. निकॉनची १०५ एफ/२.५ अप्रतिम, पण तिचं वजन ४३५ ग्रॅम.

मुंबईत असाल तर फोर्टमध्ये बोरा बाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चक्कर मारा. बॉडी सोबत न्या आणि लावून बघा.

अडॅप्टर कोणता आणि किती जाड?

प्रत्येक माउंटला सेन्सरपासून ठरावीक अंतर असतं. एम माउंटचं २७.८ मिमी, सोनी ईचं १८, निकॉन झेडचं १६. म्हणून एम ते सोनी अडॅप्टर ९.८ मिमी जाड, एम ते झेड ११.८. ओएमचं अंतर ४६ मिमी, त्यामुळे सोनीसाठी अडॅप्टर २८ मिमीची नळीच होते आणि लेन्स बारीक असूनही सगळं मिळून लांब दिसतं. एम लेन्स महाग असूनही मिररलेसवाले त्यांच्यामागे का लागतात, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

लेन्स लावल्यावर शटरच पडत नसेल तर घाबरू नका. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय चालू करावा लागतो.

सेन्सरवरच्या काचेमुळे कडा खराब येतात म्हणतात, ते खरं का?

वाइड रेंजफाइंडर लेन्सना खरं. त्यांचे किरण कडेला फार तिरके पडतात. ७५-९०ला किरण बरेच सरळ येतात, त्यामुळे कोणत्याही मिररलेसवर बिनधास्त लावा.

माझा कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) आहे.

मग तुमची शॉर्ट टेली ५० मिमीचीच. फुजी किंवा सोनीच्या एपीएस-सीवर ती ७५सारखी दिसते. ज्युपिटर-८ ५० मिमी एफ/२ किंवा कोणतीही जुनी पन्नास घ्या. ९० लावलीत तर १३५सारखी चौकट मिळेल, ती दूरच्या गोष्टींना छान, खोलीत अवघड. मायक्रो फोर थर्ड्सवर (तो सेन्सर आणखी लहान) ५०ची १०० होते.

मिररलेसवर फोकस पटकन कसा लावायचा?

फोकस पीकिंगवर पूर्ण विसंबू नका. ते कॉन्ट्रास्टच्या कडा रंगवतं. भुवई, चष्म्याची काडी, केस सगळंच लाल होतं आणि डोळ्याची बाहुली मात्र मागे राहते. पीकिंगने अंदाज घ्या, मग एका बटणावर मॅग्निफिकेशन ठेवून पापणीच्या मुळाशी बघा. रिंग फोकसच्या थोडी पलीकडे नेऊन परत आणलीत की नेमका बिंदू कळतो.

गर्दीत, वारीत किंवा मिरवणुकीत मॅग्निफाय करायला वेळ नसतो. उन्हात एफ/८ ठेवा, फोकस ५ मीटरवर लावा. ९० मिमीला साधारण ४.३ ते ५.९ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. टाळकरी त्या पट्ट्यात आला की दाबा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने भरा, कारण कॅमेऱ्याला लेन्स कोणती ते कळत नाही. ते नसेल तर १/२५०च्या खाली जाऊ नका.

एक मीटरच्या आत फोकस लागत नाही. उपाय?

हेलिकॉइड (फिरवून लांबी वाढवायची नळी) असलेला अडॅप्टर. तो लेन्सला आणखी ५ मिमी पुढे नेऊ शकत असेल, तर एक मीटरवर थांबणारी ९० मिमी साधारण ७३ सेंटिमीटरपर्यंत येते. दागिने, हात, ताटातला पदार्थ यांना तेवढं पुरतं.

सेकंडहँड लेन्स कशी तपासायची?

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून धरा आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसेलच, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधी पडदा म्हणजे हेझ. काचेच्या कडेला तेलकट इंद्रधनुष्य दिसलं तर चिकटवलेल्या काचा सुटताहेत, ती लेन्स सोडा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल असेल तर रेंजफाइंडर लेन्सला फारसा फरक पडत नाही, कारण पाती हाताने फिरतात. एसएलआर लेन्सला पडतो, पाती संथ होतात. शेवटी फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मध्येच सैल, मध्येच घट्ट लागली तर ग्रीस सुकलेलं आहे आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत मोजा.

हूड लागतोच का?

जुन्या लेन्सला हो. उन्हात त्याच्याशिवाय कॉन्ट्रास्ट उतरतो. ३९ किंवा ४९ मिमीचा साधा धातूचा स्क्रू हूड पुरे.

कोकणात राहतो. पावसाळ्यात लेन्स कशी ठेवू?

कोकण, गोवा, मुंबई इथे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लेन्ससाठी धोक्याचाच असतो. चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटातल्या बंद पिशवीत लेन्स कधीही ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. अगदी कोरडंही करू नका, ग्रीसला ते मानवत नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या डब्यात घालू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

बुरशी नुकतीच सुरू झाली असेल तर लगेच साफ करून घ्या. कोटिंगमध्ये उतरल्यावर तिचे डाग राहतात. आणि ती लेन्स साफ होऊन येईपर्यंत दुसऱ्या डब्यात ठेवा.